मागच्या आसनाचे माप

लांब पल्ल्याच्या त्या मोटारसायकलच्या पाचही पिढ्या कारखान्याच्या स्वागतकक्षात ओळीने उभ्या आहेत. प्रत्येकीसमोर एक पाटी आहे आणि पाटीवर सिलिंडर, ताकद, वजन, टाकीची क्षमता असा तपशील आहे. ही गाडी दोन माणसांना आठवडाभराच्या सामानासह दूर नेण्यासाठी जन्माला आली, हे प्रत्येक पाटीच्या पहिल्याच ओळीत नमूद आहे. त्या दोघांपैकी दुसऱ्याचे पुढे काय झाले, हे मात्र एकाही पाटीवर नाही. त्यासाठी आवार ओलांडून शिलाई विभागात जावे लागते. तिथल्या लोखंडी कपाटात चाळीसेक वह्या आहेत. त्या लिहिणारी बाई कपाटाशेजारच्या टेबलावर, चष्मा कपाळावर चढवून, रेक्झिनची शिवण नखाने दाबून पाहत बसलेली असते. तिला सगळे गादीताई म्हणतात.

उंची पाच फुटांना दोन बोटे कमी, अंगकाठी सडसडीत, आवाज मात्र शिलाईयंत्रांच्या खडखडाटावर मात करणारा. आपल्याला जे कळते ते पक्के कळते आणि जे कळत नाही ते विचारायला आपण लाजत नाही, अशी तिची स्वतःविषयी समजूत होती. या समजुतीचा पहिला भाग खरा होता. दुसऱ्या भागाची परीक्षा सहाव्या पिढीच्या वेळी झाली.

ती कारखान्यात आली तेव्हा तिचे काम गाद्या शिवण्याचे नव्हतेच. ती वाळूच्या पिशव्या शिवत असे. नवी गाडी रस्त्यावर तपासताना मागच्या माणसाच्या वजनाइतकी वाळू पिशवीत भरून आसनावर आवळून बांधत. पहिल्या पिढीच्या चाचणीत अशी एक पिशवी वळणावर उसवली आणि अर्धा रस्ता पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी चाचणीस्वार रिकामी पिशवी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"ही तुमची शिवण का?"

"शिवण माझीच. पण आसनाची कड पिशवीला दोनशे किलोमीटर करवतीसारखी कापत होती, ते तुम्हाला कळलं नाही. वाळू बोलत नाही ना!"

"मग काय बोलणारी वाळू आणू?"

"मी बसते. तेवढ्याच वजनाची आहे, थोडी कमी."

ती बसली. तीन दिवसांत सहाशे किलोमीटर झाले. दर पन्नास किलोमीटरला गाडी थांबवून ती वहीत लिही: कुठे दुखते, किती दुखते, कधीपासून. वरिष्ठांनी ती वही आधी गंमत म्हणून वाचली आणि मग आसनाची कड गोल केली. त्या चाचणीस्वाराशी तिचे पुढे लग्न झाले. "सहाशे किलोमीटर ही कानाशी बोलत होती," असे तो आजही सांगतो, "उरलेलं आयुष्य ऐकायचंच आहे, तर म्हटलं रीतसर ऐकू."

त्या दिवसापासून शिलाई विभागात एक रिवाज पडला: गादीताईने मागे बसून सहाशे किलोमीटर केल्याशिवाय कोणत्याही नमुन्यावर 'गादी मान्य' हा शिक्का उठायचा नाही. कोणत्याही नियमावलीत तो लिहिलेला नव्हता. लिहिलेले नियम मोडण्याचे मार्ग माणसे शोधतात; हा मोडण्याचे कुणाच्या मनात आले नाही.

कागदोपत्री गाडीला अक्षरे आणि आकडे यांचे नाव होते. कामगारांनी प्रत्येक पिढीला आपले नाव दिले. पहिली 'खेचर': हवेवर थंड होणारे दोन सिलिंडर, फळीसारखे सपाट आसन, वाटेल ते लादा, कुरकुर नाही. दुसरी 'टोपीवाली', कारण तिला समोर उंच काच आली. काचेमुळे स्वाराच्या छातीवरचा वारा थांबला आणि सगळ्यांनी अभियंत्यांची पाठ थोपटली. गादीताई पहिल्या दिवसाच्या अखेरीस उतरली तेव्हा तिच्या कानात शिट्ट्या वाजत होत्या. काचेवरून उसळलेला वारा थेट मागच्याच्या तोंडावर आदळत होता. पुढच्याची सोय मागच्याच्या माथी मारून होत असेल तर तिला सुधारणा म्हणावे का, असा प्रश्न तिने वहीत लिहिला नाही; तिने लिहिले, 'मागचे आसन तीन बोटे खाली घ्या.' घेतले गेले.

तिसरी 'पाणीवाली'. इंजिन पाण्याने थंड होऊ लागले, गाडी शांत झाली, वजन मात्र वाढले आणि सायलेन्सर मागच्याच्या पोटरीला भाजू लागला. चौथ्या पिढीत दोन्ही बाजूंना कायमच्या पेट्या बसल्या. 'पेटीवाली'वर बसायचे म्हणजे कुंपण ओलांडायचे. पाचवी 'शहाणी', कारण तिच्या पोटात इलेक्ट्रॉनिक मेंदू आला. ब्रेक इतके नेमके लागू लागले की मागचे माणूस पुढच्याच्या पाठीवर घसरत जाई; तेव्हा गादीताईने दोन आसनांमध्ये पायरी घातली आणि मागे धरायचा दांडा जाड करून घेतला. गाडी पिढ्यान्‌पिढ्या वेगवान, जड आणि हुशार होत गेली. तिच्या प्रत्येक हुशारीची वसुली मागच्या आसनावर होत होती, आणि तिथे बसून हरकत घेणारी बाई एकच होती.

सहाव्या पिढीचा आराखडा करणारे साहेब तरुण होते. दिसेल ती वस्तू निमुळती करण्याचा त्यांना नाद होता, म्हणून शिलाई विभागाने त्यांचे नाव पेन्सिलसाहेब ठेवले होते. ते स्वतःही तसेच होते, उंच आणि बारीक. त्यांनी नमुन्याची गादी स्वतः उचलून आणली आणि टेबलावर ठेवली. गादीताईने तिच्यावर वीत ठेवली, मग चार बोटे ठेवली.

"साहेब, मागची बाजू उंदरांनी खाल्ली का?"

"कमी केली आहे, ताई. शेपूट वर उचललं की गाडी हलकी दिसते."

"आणि धरायचा दांडा?"

"काढला. रेषा मोडत होती."

"म्हणजे माणसानं रेषेला धरायचं?"

यंत्रांमागे कुणीतरी खुदकन हसले. साहेबांनी शांतपणे कागद पुढे केला. "पाहणी केली आहे. दहांतले आठ मालक एकटेच फिरतात. दोघांसाठी आठांची गाडी बेढब का करायची?"

"आठ जण एकटे का फिरतात, ते विचारलंत?"

साहेबांनी कागदावर पुन्हा नजर फिरवली. "नाही. तो प्रश्न नव्हता."

"तोच प्रश्न आहे. मागचं माणूस एकदा बसतं, उतरतं, आणि 'तुम्हीच या जाऊन' म्हणतं. तुम्ही त्याला मोजता एकटा म्हणून."

तिने शिक्का खणात ठेवला. साहेबांनी मग जे सांगितले ते धमकीच्या सुरात नव्हते, म्हणूनच ते अधिक जड होते. नमुना दोन आठवड्यांत मान्य झाला नाही तर गादीचे काम बाहेरच्या पुरवठादाराकडे जाणार होते. तिथे साच्यातून गाद्या निघतात, शिवण लागत नाही. विभागातल्या गादीताईसह अकराही जणींना वेगवेगळ्या ठिकाणी पाठवायचे ठरले होते, बहुतेक वेष्टन विभागात. म्हणजे शिक्का मारला तर तिने आयुष्यभर ज्याला विरोध केला ते मान्य करायचे. नाही मारला तर दहा बायकांच्या हातातले कसब खोकी चिकटवण्यात घालवायचे.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "सहाशे किलोमीटर. माझा माणूस चालवील. उतरल्यावर तुमच्या वहीत जे असेल ते मी मानते."

ही पैज तिने निर्धास्तपणे लावली. पेन्सिलसाहेबांनीही ती तितक्याच सरळपणे स्वीकारली.

तीन दिवसांनी दुपारी गाडी आवारात शिरली. साहेब उतरले, हेल्मेट काढले आणि वही टेबलावर ठेवली. बाराही थांब्यांपुढे एकच शब्द होता: काही नाही.

"काहीच दुखलं नाही?"

"नाही, ताई. खोटं कशाला लिहू?"

गादीताईने नवऱ्याकडे पाहिले. "हळू चालवलीत?"

"तुला नेतो तशीच नेली. घाटात कमी नाही की जास्त नाही. दांडा नव्हता तर साहेबांनी माझा पट्टा धरला. लांब हात आहेत, पोचतात."

तिने वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. तेव्हा साहेबांनी पिशवीतून एक फाइल काढली. "हे मी तुम्हाला आधीच दाखवायला हवं होतं. ग्राहक विभागात पडून होतं. पेटीवालीच्या वेळेपासूनची पत्रं आहेत, मागे बसणाऱ्यांची." त्यांनी एक पत्र वाचले. एका शिक्षिकेचे होते. तिची उंची पावणेसहा फूट. आपल्या गाडीवर मागे बसले की गुडघे हनुवटीला येतात, तासाभरात पाय बधिर होतात, नवऱ्याबरोबर जायची हौस आहे पण जाणे बंद केले आहे, काही करता येईल का, असे तिने विचारले होते. पत्राला उत्तराची नक्कल टाचलेली होती. 'गादी सहाशे किलोमीटर तपासलेली आहे. आपली बसण्याची पद्धत चुकत असावी.'

हे वाक्य गादीताईचे होते. ग्राहक विभागातला लिपिक विचारायला आला की ती मान वर न करता ते सांगत असे. फाइलमध्ये एकोणसाठ पत्रे होती आणि एकोणसाठ वेळा तेच वाक्य होते.

सत्तेविषयी बोलताना मोठ्या खुर्च्यांचा विचार करण्याची सवय आपल्याला आहे. अनुभवाची सत्ता त्याहून अवघड असते, कारण ती कमावलेली असते. वाळूच्या पिशवीला माणूस मानणाऱ्यांना जिने एकेकाळी खडसावले, तिनेच पुढे स्वतःच्या एका देहाला सगळी माणसे मानले होते. हे लबाडीने झाले नव्हते. प्रत्येक वेळी ती खरेच बसली होती, तिला खरेच दुखले होते आणि तिने ते खरेच दुरुस्त केले होते. फक्त तिला जिथे दुखत नसे तिथे कुणालाच दुखत नाही, असे ती धरून चालली होती.

त्या संध्याकाळी घरी तिने फाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि भांडी घासायला घेतली. नवरा दारात पत्रे चाळत उभा राहिला.

"माझ्या मापाची माणसं जगात किती असतील हो?" तिने पाठमोरीच विचारले.

"तुला धरून?"

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. आपली मुलगी कॉलेजला असताना तू तिला मागे बसवलंस, आठवतं? ती उतरून म्हणाली, आई, मांड्या गेल्या. तू म्हणालीस, सरळ बस, कुबड काढू नको."

भांड्यांचा आवाज थांबला. "आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प?"

"मी पुढे बसतो. मागचं मला काय कळणार? आणि तू लिहिलेलं खोडणार कोण? कारखान्यात मालकाचा शब्द फिरतो, तुझा फिरत नाही."

"म्हणजे भीती वाटायची माझी?"

"भीती नाही," तो जरा विचार करून म्हणाला. "विश्वास होता. तो भीतीपेक्षा वाईट. भीती असली की माणूस निदान मागून कुरकुरतो तरी."

ती हात पुसून बसली आणि बराच वेळ पत्रे वाचत राहिली. मग तिने विचारले, "चाचणीला दुसरी गाडी मिळेल? आणि दुसरा स्वार?"

सकाळी विभागात तिने यंत्रे बंद करायला सांगितली. दहाही जणींना पत्रे वाचून दाखवली, आपले उत्तरही वाचले, आणि म्हणाली, "ही माझी चूक. आता सांगा, तुमच्यापैकी या गाडीवर मागे बसून गावाबाहेर कोण गेलंय?"

एकही हात वर झाला नाही. हजारो गाद्या शिवलेल्या त्या दहा बायकांपैकी एकीनेही आपण शिवलेल्या गादीवर बसून प्रवास केलेला नव्हता. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. कुणी बसवले नव्हते, इतकेच.

"आता जायचं. प्रत्येकीनं दोन फेऱ्या, दोनदोनशे किलोमीटर. एक साहेबांच्या गादीवर, एक शहाणीच्या माझ्या गादीवर. आणि वहीत खरं लिहायचं. मला वाईट वाटेल म्हणून जी खोटं लिहील, तिला मी स्वतः वेष्टनात पाठवीन."

पाच दिवस दोन गाड्या सकाळी एक आणि दुपारी एक अशा फेऱ्या करत होत्या. विभागातल्या सर्वांत उंच बाईला सगळ्या शिडी म्हणत. ती गादीताईच्या गादीवरून उतरली तेव्हा दोन मिनिटे तिला सरळ उभे राहता येईना. "ताई, घडीची खुर्ची होऊन आले," ती म्हणाली. सर्वांत वजनदार बाईला मावशी म्हणत. साहेबांच्या गादीवर तिचे अर्धे अंग हवेत राहिले. ताईच्या गादीचा मऊ फोम पन्नास किलोमीटरमध्ये तळाला टेकला. "साहेबांच्या गादीनं मला बाहेर ढकललं आणि तुमच्या गादीनं गिळलं," असा निकाल तिने दिला. गुडघेदुखीच्या एका बाईला ताईच्या रुंद गादीवरून पाय पलीकडे नेताच येईना. साहेबांची पुढून निमुळती गादी मात्र तिला सहज जमली. ती परत आली ती लाजत नाही, जिंकल्यासारखी आली. "समुद्र दिसतो हो तिकडून," तिने सांगितले, "चक्क अर्धा तास."

पाचव्या दिवशी सायंकाळी गादीताईने भिंतीवरच्या फळ्यावर निकाल लिहिला. आधी आपला लिहिला: दहांतून पाच जणींना त्रास. मग साहेबांचा: दहांतून सात जणींना. पेन्सिलसाहेब फळ्यासमोर हाताची घडी घालून उभे होते.

"मी तीन दिवस बसलो, मला काही झालं नाही," ते म्हणाले.

"मी तीस वर्षं बसले, मलाही नाही," ती म्हणाली. "आपण दोघं एकाच आजाराचे, साहेब. तुम्हाला नवा आहे, लवकर बरा होईल."

साहेब हसले, आणि मग हसणे ओसरल्यावर त्यांनी खडू हातात घेतला. पुढचे चार दिवस दोघे एकाच टेबलावर भांडले. पुढची निमुळती कड साहेबांची राहिली. "ही रेष तुमची बरोबर आहे, मला सुचली नव्हती," हे तिने सर्वांदेखत सांगितले. लांबी तिच्या जुन्या गादीपेक्षाही दोन बोटे वाढली, म्हणजे शिडीला मागे सरकता यावे. फोम दोन थरांचा झाला, वर मऊ, खाली कडक, कारण मावशीने तसाच मागितला होता. दांड्यावर मात्र साहेब अडून बसले.

"रेष मोडते, ताई."

"मोडू द्या. मान मोडण्यापेक्षा बरी."

शेवटी दांडा शेपटीच्या कडेने असा वळवला गेला की तो लांबून दिसत नाही आणि हाताला लगेच सापडतो. साहेबांनी तो धरून पाहिला, पुन्हा धरून पाहिला आणि आपणच त्याचे चित्र सुधारून काढले. याच चार दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत, गादीताईने एकोणसाठ पत्रांना नवी उत्तरे लिहायला घेतली. पहिले शिक्षिकेला गेले. त्यात खुलासा नव्हता. चूक गादीची होती, एवढेच लिहिले होते.

मुदतीच्या दिवशी नवी गादी चढवलेली गाडी आवारात आली. ही गादीही तपासायची होती, आणि सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण रिवाजाप्रमाणे मागे बसण्याचा मान ताईचा होता.

"मी नाही," ती म्हणाली. "माझ्याखाली कुठलीही गादी बरी वाटते, हे आता सिद्ध झालंय. जिला दोन्हींवर त्रास झाला तिनं बसायचं. मावशी, चढा."

"मी? सगळ्यांदेखत?" मावशीने पदर खोचला. "अहो स्वार, गाडी घट्ट धरा, नाहीतर तुम्हालाच उचलून न्यावं लागेल."

"तुमच्यामागे मी कधीच गेलो असतो, पण पुढे बसायची सवय आहे," नवऱ्याने उत्तर दिले. चढताना मावशी पेटीशी एकदा अडखळली, दांडा धरला आणि बसली. मुदतीमुळे सहाशेऐवजी ठरलेल्या दोनशे किलोमीटरनंतर ती परतली तेव्हा वहीत एकच तक्रार होती: दोन तासांनी उजवा घोटा अवघडला. गादीताईने फूटरेस्ट एक बोट पुढे घ्यायला लावला आणि मगच मान्यतेचा कागद पुढे ओढला.

कागदावर 'परीक्षक' या शब्दापुढे एकच रेघ होती, एका नावापुरती. तिने आधी शिडीचे नाव लिहिले, मग मावशीचे, मग गुडघेदुखीच्या बाईचे. रेघ संपली तेव्हा समासात, आणि समास संपला तेव्हा कागदाच्या पाठीवर. प्रत्येक नावापुढे उंची आणि वजन लिहिले. मावशीच्या वजनापाशी तिने विचारले, "खरं लिहू?"

"लिहा. पुढच्या गाडीला माझ्यासारखीलाच न्यायचं आहे ना?"

अकरावे नाव तिने स्वतःचे लिहिले, सर्वांत खाली, आणि शिक्का मारला. पेन्सिलसाहेबांनी कागद वरच्या मजल्यावर नेला. तासाभराने ते उतरले. काम विभागातच राहणार होते, या पिढीपुरते. पुढच्या पिढीविषयी वरचे काही बोलले नव्हते.

"पुढच्या पिढीच्या वेळी तुमची पाहणी कोण करणार?" गादीताईने विचारले.

"मीच."

"मग आठ जण एकटे का फिरतात, तो प्रश्न घाला त्यात. उत्तरं आली की आमच्याकडे आणा, वरती नेण्याआधी."

साहेबांनी होकार दिला. तिने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, नव्या गादीची पहिली कापणी टेबलावर पसरली आणि यंत्रे सुरू करायला सांगितली. उत्पादनाला बावीस दिवस उरले होते आणि कडक फोम अजून आलेला नव्हता.